कान तयार करताना : ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

‘पुट द कुप उप देअ, लुव.’

लीड्समध्ये भाड्याने खोली घेतली त्या संध्याकाळी घरमालकीणबाई मला असं म्हणाल्या. मी तीनदा ‘सॉरी?’ म्हटलं. चौथ्या वेळी त्यांनी माझ्या हातातला कप घेतला आणि स्वतःच फळीवर ठेवला. पुट, कप, अप आणि लव्ह हे चारही शब्द मला चौथीपासून येत होते. पण त्या वाक्यात मला एकच शब्द ओळखू आला, ‘पुट’. बाकीच्या तिघांचा स्वर त्याच्यासारखाच झाला होता.

शिक्षणासाठी, नर्सिंगसाठी किंवा कंपनीच्या कामासाठी इथे येणाऱ्या आपल्या माणसांची सुरुवात बहुतेक अशीच होते. परीक्षेत चांगले गुण मिळालेले असतात, ऑफिसचे ईमेल सहज लिहिता येतात, आणि पहिल्याच आठवड्यात बसचा ड्रायव्हर काय म्हणाला ते कळत नाही. मग मन खट्टू होतं, आपलं इंग्रजीच कच्चं आहे असं वाटायला लागतं. ते कच्चं नसतं. कान फक्त एकाच तऱ्हेच्या इंग्रजीला सरावलेला असतो. गाणं ऐकून ऐकून कान तयार होतो तसाच तो इथेही होतो, आणि क्रमाने गेलात तर दोन-तीन महिन्यांत होतो. मला ज्या क्रमाने जाऊन फायदा झाला तो क्रम पुढे देते आहे.

पहिली पायरी : शब्द नको, नियम पकडा

साताऱ्याचा माणूस अकोल्याला गेला की त्याच्या कानावर ‘जवय’, ‘डोया’ असे शब्द पडतात. पहिला दिवस गोंधळात जातो. दुसऱ्या दिवशी त्याला उमगतं की इथे ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. त्यानंतर कुणी ‘फय’ म्हणालं तर विचारावं लागत नाही, ते फळच असणार. त्याने वऱ्हाडीतला एकेक शब्द पाठ केलेला नसतो. एक नियम हाती लागतो आणि त्यामागून शेकडो शब्द उलगडत जातात.

ब्रिटनमधल्या उच्चारांचंही तसंच आहे. इथले लोक इंग्रजी ‘वेडंवाकडं’ बोलत नाहीत. प्रत्येक भागात ठरावीक जागी ठरावीक स्वर बदलतो, आणि तो बदल नेमाने होतो. लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन यांनी १९५० ते १९६१ या काळात इंग्लंडमधल्या ३१३ ठिकाणी, बहुतेक खेड्यापाड्यांत, माणसं पाठवून तिथली बोली टिपून घेतली. त्या नोंदींवरून काढलेले नकाशे पाहिले की एकाच शब्दाचे उच्चार पट्ट्यापट्ट्यांनी बदलत गेलेले दिसतात.

म्हणून आजच एक छोटी वही करा आणि ऐकलेला उच्चार देवनागरीतच लिहा. मराठीने इंग्रजी शब्दांसाठी ॲ आणि ऑ ही चिन्हं कधीच आपलीशी केली आहेत, त्यामुळे आपली लिपी या कामाला फार सोयीची पडते. डावीकडे तुम्हाला माहीत असलेला उच्चार लिहा, उजवीकडे ऐकलेला. दहा-बारा जोड्या जमल्या की नियम आपोआप डोळ्यांसमोर येतो.

दुसरी पायरी : दोन स्वर, आणि अर्धा देश

फक्त दोनच गोष्टी शिकायला वेळ असेल तर या शिका.

पश्चिमेला सेव्हर्न नदीच्या मुखापासून पूर्वेला वॉशच्या उपसागरापर्यंत एक रेघ आहे असं समजा. ढोबळ मानाने तिच्या वरचा भाग, म्हणजे बर्मिंगम, मँचेस्टर, लिव्हरपूल, लीड्स, शेफील्ड, न्यूकॅसल, हे या दोन स्वरांच्या बाबतीत एका बाजूला येतात. लंडन आणि दक्षिण इंग्लंड दुसऱ्या बाजूला.

पहिला स्वर ‘कप’मधला. दक्षिणेत तो आपल्या ‘अ’च्या जवळचा आहे. उत्तरेत त्याच्या जागी ‘उ’ येतो. बस ‘बुस’, लंच ‘लुंच’, मन्डे ‘मुन्डे’, मच ‘मुच’, बटर ‘बुटर’ आणि ब्लड ‘ब्लुड’ होतं. रुग्णालयात काम करणार असाल तर ‘ब्लुड टेस्ट’ पहिल्याच दिवशी ऐकाल. सगळेच इतका ठसठशीत ‘उ’ काढत नाहीत. ऑफिसातली, शिकलेली किंवा तरुण मंडळी बरेचदा ‘अ’ आणि ‘उ’च्या मध्ये कुठेतरी असतात. ‘वन’ मात्र पुष्कळदा ‘वॉन’ ऐकू येतो.

दुसरा स्वर ‘बाथ’मधला. लंडनकडे बाथ, ग्रास, लाफ, लास्ट, डान्स यांत लांब ‘आ’ असतो. उत्तरेत तोच स्वर आखूड होतो, आपल्या ‘बॅट’मधल्या ॲपेक्षा थोडा उघडा आणि ऱ्हस्व ‘आ’कडे झुकलेला. वहीत ‘बॅथ’, ‘ग्रॅस’, ‘लॅफ’ असं लिहिलंत तरी काम भागेल. याला काही अपवाद आहेत. ‘फादर’, ‘हाफ’ आणि ‘कान्ट’ उत्तरेतही लांबच राहतात. ‘कान्ट’ची खूणगाठ पक्की बांधा, कारण ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांत ‘ट’ अनेकदा ऐकूच येत नाही. होकार की नकार हे तो स्वर आखूड आहे की लांब यावरूनच ठरवावं लागतं.

आता थोडं थांबून एक गोष्ट सांगते, कारण ती कळल्यावर माझी ऐकण्याची वृत्तीच बदलली. उत्तरेचा ‘कुप’ हा दक्षिणेच्या ‘कप’चा बिघडलेला अवतार नाही. ‘उ’ आधीचा आहे. साधारण सतराव्या शतकात दक्षिणेत त्या स्वराचे दोन तुकडे झाले, ‘पुट’ तसाच राहिला आणि ‘कट’ वेगळा पडला. तो बदल उत्तरेपर्यंत पोहोचला नाही. ‘बाथ’मधला लांब ‘आ’देखील दक्षिणेने नंतर घेतलेला आहे. स्कॉटलंडमध्ये, आणि न्यूकॅसलकडच्या जुन्या बोलीत, टाउनला ‘टून’ म्हणतात तेही इंग्रजीचे स्वर बदलण्याआधीचं रूप आहे. घरमालकीणबाई त्या दिवशी माझ्याशी जुनं, मुरलेलं इंग्रजी बोलत होत्या.

उत्तरेत राहणाऱ्या मराठी माणसाची एक सोयही आहे. ‘गो’, ‘बोट’, ‘डे’, ‘नेम’ या शब्दांत आपण सरळ ‘ओ’ आणि ‘ए’ म्हणतो. शाळेत कुणीतरी आपल्याला सांगितलेलं असतं की हे चूक आहे, ‘गोउ’, ‘डेइ’ असं म्हणायला हवं. यॉर्कशरमध्ये, म्हणजे लीड्स-शेफील्डच्या भागात, आणि स्कॉटलंडमध्ये अनेकांचा ‘ओ’ आणि ‘ए’ आपल्यासारखाच सरळ असतो. उलट लंडनच्या पूर्व भागात ‘डे’ ऐकताना ‘डाय’ असा भास होतो.

तिसरी पायरी : ‘र’ कुठे गेला ते शोधा

इंग्लंडच्या बहुतेक भागांत स्वराआधी नसलेला ‘र’ उच्चारतच नाहीत. ‘कार पार्क’ म्हणजे ‘का पाक’. ‘कोर्ट’ आणि ‘कॉट’ (पकडला या अर्थाचा) एकसारखे ऐकू येतात, ‘सोर्स’ आणि ‘सॉस’ही. आपण स्पेलिंगमधला प्रत्येक ‘र’ म्हणतो, म्हणून ऐकतानाही त्याची वाट पाहत बसतो आणि वाक्य पुढे निघून जातं. ती वाट पाहणं सोडा.

पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर तो ‘र’ परत येतो, ‘कार इज’मध्ये स्पष्ट ऐकू येतो. कधी कधी तर स्पेलिंगमध्ये नसलेला ‘र’ही मध्ये शिरतो. ‘लॉ-र-अँड ऑर्डर’ म्हणतात, ‘इंडिया-र-अँड पाकिस्तान’ म्हणतात. क्रिकेटचं समालोचन लावा, पाच मिनिटांत हा ‘र’ सापडेल.

‘र’ जपणारी माणसंही आहेत : स्कॉटलंड, आयर्लंड, नैर्ऋत्येला सॉमरसेट-डेव्हन आणि लँकशरचा थोडा भाग. तिथे आपला ‘र’ कुणाला खटकत नाही.

‘र’ सोडणं हे उंची इंग्रजीचं लक्षण आहे, असा आपल्याकडे एक समज आहे. १९६२ साली विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत जाऊन विक्रेत्यांना असा काही प्रश्न विचारला की उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ असंच यावं. सगळ्यात महागड्या दुकानात ‘र’ सर्वांत जास्त ऐकू आला आणि स्वस्त दुकानात सर्वांत कमी. लंडनमध्ये जो ‘र’ गाळणं प्रतिष्ठेचं, तोच न्यूयॉर्कमध्ये उच्चारणं प्रतिष्ठेचं. प्रतिष्ठा ध्वनीत नसते, ती माणसं त्याला देतात.

चौथी पायरी : गिळलेली अक्षरं

‘वॉटर’, ‘बॉटल’, ‘बेटर’ यांतला ‘ट’ लंडनमध्ये, ग्लासगोत आणि आता देशभरच्या तरुण मंडळींत घशातच अडवतात. तो लिहायला आपल्याकडे अक्षर नाही. मी वहीत तिथे एक छोटी उभी रेघ काढते : ‘वॉ।अ’. ‘ट’ ऐकू आला नाही आणि त्या जागी आवाज क्षणभर तुटला, तर तिथे ‘ट’ होता असं धरून चला.

‘ह’ इंग्लंडच्या पुष्कळ भागांत गळतो : ‘ऑस्पिटल’, ‘ॲपी’, ‘आउस’. न्यूकॅसल आणि स्कॉटलंड तो टिकवतात. ‘थिंक’चं ‘फिंक’ आणि ‘ब्रदर’चं ‘ब्रव्हर’ हे आधी लंडनचं मानलं जायचं, आता इतर शहरांतही ऐकू येतं. यॉर्कशरमध्ये ‘द’ इतका आखूड होतो की ‘डाउन द पब’मधला ‘द’ नुसता एक अडखळा वाटतो.

पाचवी पायरी : आपल्या गावाची लकब

इथे सगळं पाठ करत बसू नका. जिथे राहणार आहात तेवढंच वाचा.

बर्मिंगममध्ये ‘टाइम’ हा ‘टॉइम’कडे जातो आणि आईला ‘मॉम’ म्हणतात. बर्मिंगम, मँचेस्टर आणि लिव्हरपूल या तिन्ही ठिकाणी ‘सिंगर’मधला ‘ग’ अनेक जण स्पष्ट उच्चारतात. आपणही तसंच म्हणतो, तेव्हा तो बदलायला जाऊ नका.

लिव्हरपूलमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘क’ घासला जातो, ‘बॅक’चा ‘बॅख़’ होतो, खाँसाहेबमधल्या ख़सारखा. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडहून इथे फार मोठ्या संख्येने लोक आले, त्यांची छाप या बोलीवर आहे.

न्यूकॅसलची अडचण हेल हीच आहे. साधं विधानही वर चढत जातं आणि प्रश्नासारखं ऐकू येतं. ‘गॅन’ म्हणजे जाणं, ‘बेअन’ म्हणजे लहान मूल. गावाचं नाव स्थानिक लोक ‘न्यू-कॅ-सल’ असं मधल्या अक्षरावर जोर देऊन म्हणतात. दक्षिणेकडचे ‘न्यूकासल’ म्हणतात ते त्यांना रुचत नाही.

लीड्स, ब्रॅडफर्ड आणि शेफील्डला ‘नाउट’ म्हणजे काही नाही, ‘आउट’सारखा ऐकू येणारा शब्द म्हणजे काहीही, आणि ‘सुमट’ म्हणजे काहीतरी. हे तीन शब्द कळले की दुकानातलं निम्मं संभाषण सुटतं.

ग्लासगोला वेळ लागतो, धीर सोडू नका. तिथे ‘फूड’ आणि ‘गुड’ यांचं यमक जुळतं. ‘लॉख़’ म्हणजे तळं, ‘वी’ म्हणजे लहान, ‘आय’ म्हणजे हो. आणि ‘हाउ?’ असं कुणी विचारलं तर बरेचदा ते ‘कसं’ विचारत नसतात, ‘का’ विचारत असतात.

आयर्लंडच्या माणसाशी बोलताना ‘थ’कडे लक्ष द्या. जीभ दातांना टेकवून काढलेला त्यांचा ‘थ’ आपल्या ‘थ’ला फार जवळचा आहे.

संबोधनंही जागेनुसार बदलतात. यॉर्कशरमध्ये ‘लुव’, नॉटिंगम-डार्बीकडे ‘डुक’, न्यूकॅसलला ‘पेट’, ग्लासगोत बायकांना ‘हेन’. दुकानदाराने ‘लुव’ म्हटलं तर त्यात सलगी नाही, आपल्याकडे भाजीवाली ‘ताई’ म्हणते तितकंच ते साधं आहे. ‘यू ऑलराइट?’ हे नुसतं ‘नमस्कार’ आहे, तब्येतीची चौकशी नव्हे.

सहावी पायरी : गावांची नावं

याला एक संध्याकाळ राखून ठेवा. नव्या माणसाला स्टेशनवर आणि टॅक्सीत सगळ्यात जास्त हीच अडवतात. नावांच्या शेपट्यांचे नियम साधे आहेत.

‘सेस्टर’ असं वाचलं जाणारं शेपूट फक्त ‘स्टर’ होतं : लेस्टर, वुस्टर, ग्लॉस्टर. मँचेस्टर आणि सायरन्सेस्टर यांना हा नियम लागत नाही. शेवटच्या ‘विक’मधला ‘व’ गळतो : वॉरिक, बेरिक, केझिक. पण विमानतळ गॅटविकच. ‘विच’ची तीच गत : नॉरिच, ग्रेनिच, आणि अपवाद इप्स्विच. शेवटी ‘हॅम’ दिसलं तर ‘अम’ म्हणा : बर्मिंगम, नॉटिंगम. ‘माउथ’ म्हणजे ‘मथ’ : पोर्ट्स्मथ, प्लिमथ, बोर्नमथ. एडिन्‌बरा, मिडल्झबरा आणि लफबरा यांत शेवटी ‘बरा’. आपण ज्याला ‘शायर’ म्हणतो ते ‘शर’.

नियमात न बसणारी नावं पाठच करा. रेडिंग हे गाव ‘रीडिंग’ नाही. डार्बी, टेम्स, स्लाउ, लंडनमधलं सदर्क, यॉर्कशरमधलं कीथली (स्पेलिंगमध्ये ‘थ’ कुठेही दिसत नाही), उत्तरेचं ॲनिक, आणि ग्लासगोजवळचं मलगाय, ज्याचं स्पेलिंग वाचून कुणीही ‘मिल्नगॅव्ही’ म्हणेल.

सातवी पायरी : फोन

समोरच्याचे ओठ दिसत नाहीत, म्हणून फोन सर्वांत अवघड. पहिल्या महिन्यात मी न कळता ‘येस, येस’ म्हणत राहिले आणि एका दवाखान्याची वेळ चुकली. पुन्हा तसं केलं नाही. ही सवय सगळ्यांत आधी मोडा.

‘पार्डन?’ म्हटलं की लोक तेच वाक्य मोठ्याने म्हणतात, हळू म्हणत नाहीत. त्यापेक्षा कळलेला भाग आपण म्हणावा आणि न कळलेला तेवढा विचारावा : ‘ट्यूझ्डे, येस. अँड द टाइम?’ आकड्यांत तेरा-तीस, पंधरा-पन्नास यांचा घोळ होतो. तिथे ‘वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?’ असं अंकांतच विचारा. औषधाची मात्रा असेल तर हे केल्याशिवाय फोन ठेवू नका. शून्याला ‘ओ’ म्हणतात, लागोपाठ दोन अंक आले तर ‘डबल’. ‘हाफ सेव्हन’ म्हणजे साडेसात.

आपलं नाव सांगताना एकेका अक्षराला एकेक शब्द जोडा, ‘डी फॉर डेल्टा’, ‘बी फॉर ब्राव्हो’ असे. ही यादी एकदा शिकून घेतलीत की कुलकर्णी, गायकवाड, वाघमारे ही आडनावं कुणाकडूनही नीट लिहून घेता येतात.

आपलं बोलणं : काय बदलायचं आणि काय नाही

स्थानिक उच्चारांची नक्कल करू नका. यॉर्कशरच्या माणसालाही कुणी लंडनसारखं बोलायला सांगितलं तर आवडत नाही. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीने हॅलिफॅक्सच्या विल्फ्रेड पिकल्स यांना बातम्या वाचायला बसवलं. उत्तरेकडच्या श्रोत्यांना ते ‘गुड नाइट’ऐवजी ‘गुड नीट’ म्हणून निरोप द्यायचे. त्यावर तक्रारी आल्या, पण रेडिओवर एकच एक इंग्रजी ऐकण्याची सवय तिथूनच सैल होत गेली.

बदलायच्या गोष्टी दोनच आहेत, आणि दोन्ही समोरच्याला कळावं म्हणून.

एक, शब्दावरचा जोर. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळजवळ सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजी ऐकणारा माणूस जोर कुठे आहे त्यावरून शब्द ओळखतो. ‘होटेल’मध्ये जोर शेवटी असतो, ‘डेव्हलप’मध्ये मध्ये. ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अक्षरावर असतो, ‘फटॉग्रफी’त दुसऱ्यावर सरकतो. नवा शब्द वहीत लिहिताना जोराच्या अक्षराखाली रेघ मारा.

दोन, ‘व’. आपण ‘व्हॅन’, ‘व्हिसा’ असं लिहितो आणि ‘व्हील’, ‘व्हाइट’ही तसंच लिहितो, म्हणून दोन्हींचा उच्चार एकच होऊन बसतो. इंग्रजीत ते दोन वेगळे ध्वनी आहेत. व्हॅनसाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवा. ‘वॉटर’, ‘वील’, ‘वाइट’साठी ‘उ’ म्हणताना करतो तसा ओठांचा चंबू करा, दात लागता कामा नयेत. आरशासमोर आठवडाभर दहा-दहा मिनिटं पुरतात.

बाकी आपला ‘र’, आपला ‘ट’, आपला ‘थ’ राहू द्या.

सरावासाठी स्थानिक रेडिओ सर्वांत चांगला, विशेषतः श्रोते फोन करून बोलतात ते कार्यक्रम. रोज वीस मिनिटं, तेही एकाच गावचं केंद्र. दोन गावांची केंद्रं सुरुवातीलाच मिसळलीत तर वहीतले नियम जुळत नाहीत. दुसरं, बसमध्ये वरच्या मजल्यापेक्षा खाली, ड्रायव्हरजवळ बसा. चढणारा-उतरणारा प्रत्येक जण त्याच्याशी दोन शब्द बोलतो, रोज तेच बोलतो, आणि तेच तेच ऐकूनच कान तयार होतो. जवळपास मराठी मंडळ असेल तर तिथल्या जुन्या माणसांना गाठा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, इतर शहरांतही मंडळं आहेत. तुमच्या गावात कोणता शब्द कुणाला किती छळतो हे ती माणसं मराठीत सांगतील.

मुलं सोबत असतील तर ती महिन्याभरात शाळेतल्यासारखी बोलू लागतील. त्यांचं ‘मुम’ आणि ‘बुस’ सुधारायला जाऊ नका. वर्गात त्यांना तेच हवं आहे. उलट संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून तुमच्या वहीतल्या जोड्या वाचा आणि चुकलं तिथे त्यांना दुरुस्त करू द्या. गावाकडे आजीला मात्र आधी सांगून ठेवा की नातवंड फोनवर ‘बुस’ म्हणालं तर ते शाळेच्या बसबद्दल बोलतंय.